डाव्या पानावरचे भाऊ

पुस्तक तीन फूट उंच आणि दोन फूट रुंद होते. पाने बारा. वजन नेमके माहीत नाही, पण तिसरीतली दोन मुले मिळून ते उचलत आणि वाटेत एकदा खाली ठेवत. भिंतीला टेकवून बाकावर उभे केले की वाचन सुरू होई. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीच्या तेवीस मुलांना या पुस्तकातून श्वास घ्यायला शिकवले जात होते. श्वास ती आधीपासूनच घेत होती, हा मुद्दा गावातल्या बऱ्याच जणांनी पारावर बसून मांडला होता.

शिकवणाऱ्या मॅडम बुलढाण्याच्या होत्या. वडील कचेरीत कारकून, आई शिक्षिका, बोलणे पुस्तकी आणि शांत. रोज बसने येत, बसने जात. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी योगाची चित्रपुस्तके पाहिली होती. एका पानावर एक प्राणी, त्याचे एक आसन आणि दोन ओळींचा मजकूर. मुलांनी चित्र बघायचे, त्या प्राण्याचा श्वास कुठे दिसतो ते शोधायचे आणि मग तसे बसायचे. एवढीच पद्धत. मॅडमकडे असलेले पुस्तक तळहाताएवढे होते. तेवीस मुलांनी ते एकदम बघायचे ठरवले, तेव्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि श्वासाचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला.

म्हणून मोठे पुस्तक करायचे ठरले. कागद टिकणार नाही, कापड महाग. गावात फुकट आणि मुबलक मिळणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स. वाढदिवस होऊन गेला की हे फ्लेक्स खांबांवरून उतरतात आणि गावाच्या कामी येतात. कोणी चाऱ्यासाठी रचलेल्या कुटारावर टाकतो, कोणी गोठ्याच्या छपराला लावतो, कोणी सोयाबीनच्या ढिगावर. मॅडमनी मुलांना घरचे फ्लेक्स आणायला सांगितले. चौदा आले. एकाला शेण लागलेले होते, ते हौदावर धुऊन घेतले. चौदापैकी बारा एकाच मापाचे आणि एकाच माणसाचे निघाले.

तो माणूस म्हणजे भाऊ. गावात भाऊ म्हटले की एकच. पूर्वी सरपंच, आता शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष, वय पन्नाशीच्या पुढे. फ्लेक्सवर ते डोक्यापासून बुटांपर्यंत उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळा गॉगल, जोडलेले हात. नजर वर, वीजतारांच्या दिशेने. पायाशी शुभेच्छुकांचे अकरा गोल चेहरे.

फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. मोताळ्याच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक जुने पेंटर होते. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे मोटारसायकलींच्या नंबरप्लेटी तेवढ्या उरल्या होत्या. फ्लेक्सच्या पाठीवर चित्रे काढायची आहेत, हे ऐकून त्यांनी कामाचे काही घेणार नाही असे सांगितले. रंग तेवढे आणून द्या म्हणाले. बेडूक, मांजर, गाय, नाग, भुंगा, झाड, नाव अशी बारा चित्रे त्यांनी आठ दिवसांत काढली. बेडूक फार देखणा झाला होता. तो त्यांनी पूर्वी एका कीटकनाशकाच्या दुकानासाठी काढला होता, असे नंतर कळले.

मजकुराचे काम माझ्याकडे आले. वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर पंचवीस वर्षे उपसंपादकी करून मी गावी परतलो होतो. मॅडमचे म्हणणे असे की, काका, तुम्ही कमी शब्दांत लिहिता. मी बेडकाचे पान लिहून दिले. त्यात म्हटले होते की, गावालगतच्या तळ्याकाठी आज सकाळी एक बेडूक बसून असल्याचे आढळले. त्याचा श्वासोच्छ्वास नियमित असल्याचे समजते. मॅडमनी ते दोनदा वाचले. मग विचारले, "काका, हा गेला आहे का?"

नव्याने लिहिले. बेडूक बसला आहे. त्याचा गळा हलतो आहे. आत, बाहेर. तुझा श्वास कुठे हलतो आहे? एवढा मजकूर ठरला. बाकीची पाने मी त्या बेतात लिहिली आणि प्रत्येकातून एक-दोन शब्द मॅडमनी काढले.

पुस्तकाची बांधणी होईपर्यंत डाव्या पानाचा विचार कोणीच केला नव्हता. पुस्तक उघडले की उजवीकडे चित्र येते आणि डावीकडे मागच्या पानाची पाठ येते, ही गोष्ट मी पंचवीस वर्षे पाने लावूनही विसरलो. दोन फ्लेक्स तोंडाला तोंड लावून शिवायचा प्रयत्न झाला. पान इतके ताठ झाले की ते उलटण्याऐवजी मुलेच उलटली. तो नाद सोडला. मॅडमनी वर्गाला सांगितले की डाव्या पानाकडे बघायचे नाही. त्या दिवसापासून तेवीस मुले डाव्या पानाकडे बघू लागली.

वाचन मागच्या खोलीत होई. शाळेला तीन खोल्या होत्या. दोन रस्त्याकडे, पिठाच्या गिरणीसमोर. तिसरी मागे, निंबाखाली. तिथे मोडके बाक आणि वटवाघळे यांचा अनेक वर्षांचा मुक्काम होता. मॅडमनी दिवाळीची सुट्टी त्या खोलीत घालवली. झाडून, धुऊन, चुना मारून घेतला. सतरंज्या मागून आणल्या. शनिवारी सकाळची शाळा असते आणि दप्तर आणायचे नसते, म्हणून शनिवारचा एक तास या खोलीत ठरला. मुलांना आडवे पडता येईल आणि स्वतःचा श्वास ऐकू येईल अशी गावात ही एकच जागा होती. मॅडम एरवी काही मागणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या खोलीबद्दल मात्र त्या माझी खोली म्हणत, आणि म्हटल्यावर शाळेची, अशी दुरुस्ती करत.

वाचनाची पहिली काही सत्रे अडखळत झाली. नागाचे पान उघडले तेव्हा चौघे खिडकीवर चढले आणि एक काठी आणायला पळाला. घरून तशीच शिकवण होती. भुंग्याच्या पानावर मुलांनी डोकी झाकली, कारण त्यांच्या माहितीत घोंगावणाऱ्या गोष्टीपुढे बसून राहणे हा शहाणपणा नव्हता. गाईच्या आसनाला चौथीच्या वर्गाने लेखी नव्हे पण एकमुखी हरकत घेतली. गाय पाठ अशी वाकवते ती एक तर विताना नाही तर पोट दुखताना, तेव्हा यात शांत वाटण्यासारखे काय आहे, असा प्रश्न होता. झाडाच्या आसनात प्रत्येकाने आपले झाड जाहीर केले. निंब झाले, बाभूळ झाले, बोर झाले. एकाने आपण विजेचा खांब असल्याचे सांगितले आणि तोच सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला.

एक पान सावकाश खाण्याचे होते. प्रत्येकाला एक शेंगदाणा मिळाला. तो बघायचा, हुंगायचा, मग हळूहळू चावायचा. वर्गाने याची स्पर्धा केली. तिसरीतल्या एका मुलीने आपला दाणा गालात धरून गणिताचा तास पार पाडला, बेचा पाढा म्हटला आणि घरी नेला. तो तिथे शेळीने खाल्ला. शेळीने किती सावकाश खाल्ला, याचीही माहिती तिने सोमवारी दिली.

ही मुलगी पान उलटायच्या कामावर होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि साक्ष द्यायला उभी असल्यासारखे सरळ, खालच्या पट्टीत बोलणे. डाव्या पानाचा उलगडा तिनेच केला.

तोवर वर्गाने त्या पानाची गोष्ट लावून टाकली होती. भाऊ गावातून निघाले. त्यांना पहिल्यांदा मांजर भेटले, मग गाय, मग नाग. प्रत्येक वेळी डावीकडे भाऊ, उजवीकडे जनावर. अडचण एवढीच होती की जनावर काहीतरी करत होते आणि भाऊ काहीच करत नव्हते.

"हात जोडून काऊन उभे हायत?" दुसरीतल्या एकाने विचारले.

"मत मागून राह्यले."

"मांजरीले मत असते का बे?"

यावर थोडा वेळ चर्चा झाली. गॉगलआड भाऊंचे डोळे मिटलेले आहेत की उघडे, यावरही दोन गट पडले. पहिलीतल्या मुलांनी दरम्यान शुभेच्छुक मोजले आणि त्यांची अकरापर्यंतची मोजणी पक्की झाली. तेवढ्यात ती मुलगी पुस्तकाजवळ गेली, भाऊंच्या शर्टाच्या चौथ्या गुंडीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "पोट आत हाये. श्वास धरला त्यायनं."

मॅडमना तिला चूक म्हणता येईना. चित्रात श्वास शोधा, हे त्यांनीच शिकवले होते. मी फोटो जवळून पाहिला. कमरेपाशी शर्टाच्या चुण्या आडव्या ओढलेल्या होत्या, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या, खांदे उचललेले होते. मुलीचे निरीक्षण बरोबर होते. फोटोग्राफरने तीन म्हणेपर्यंत भाऊंनी पोट आत घेतले होते आणि बाराही पानांवर ते तसेच होते.

त्यानंतर वर्गाला भाऊंची काळजी वाटू लागली. पान उलटले की मुले आधी डावीकडे बघत, अजून सोडला नाही अशी नोंद घेत आणि मग नागाकडे वळत. काही जण सोबत म्हणून स्वतःही श्वास धरत. पहिलीतला एक जण लालबुंद झाला, तेव्हा मॅडमनी सोबत करण्यावर बंदी घातली.

मार्गशीर्षात गव्हाला द्यायचा युरिया येणार असल्याची बातमी आली. सोसायटीचे गोदाम गळके होते. भाऊंनी शाळेत येऊन मागची खोली बघितली, चुन्याचा वास घेतला आणि जागा कोरडी असल्याचे समाधान व्यक्त केले. शनिवारी दहाच्या सुमारास ट्रॉली येईल असे त्यांनी सांगितले. मॅडमनी मुलांच्या तासाचे सांगून पाहिले.

"मॅडम, दोन महिन्याचा प्रश्न हाये," भाऊ म्हणाले. "पोट्टे काय, कुठीबी श्वास घेतीन."

मुख्याध्यापक शेजारीच होते. ते म्हणाले, बघू. ते सगळ्याच गोष्टींना बघू म्हणत आणि त्याचा अर्थ होकार असा होई. एकदा पोती आत गेली की ती गव्हापुरती राहणार नाहीत, हे मॅडमना ठाऊक होते. गव्हानंतर उन्हाळी भुईमूग असतो, भुईमुगानंतर कपाशी असते, आणि खत बाराही महिने कोणाला ना कोणाला लागते. त्यांनी एकच मागणी केली. भाऊंनी शनिवारी थोडे लवकर यावे, मुलांचा एक तास बघावा आणि मग किल्ली घ्यावी. भाऊ हो म्हणाले. फोटो निघेल का, एवढे विचारले.

शुक्रवारी दुपारी मॅडम माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, त्यांच्या फ्लेक्सच्या पाठीवर बेडूक काढलाय आपण. उद्या ते ते पुस्तक बघणार." मी तोवर याचा विचार केला नव्हता. भाऊंना हा अपमान वाटला तर खोली तर जाईलच, पण पुस्तकही गोठ्याच्या छपरावर जाईल.

उपाय मला सुचला, आणि तो चुकीचा निघाला. माझ्याकडे जुन्या अंकांचे गठ्ठे होते. मैद्याची खळ करून आम्ही अकरा डाव्या पानांवर वर्तमानपत्रे चिकटवली. संध्याकाळपर्यंत भाऊ दिसेनासे झाले. त्यांच्या जागी जिल्ह्यातल्या घडामोडी आल्या. खळ कागदावर बसते, भिंतीवर बसते, पतंगावर बसते. गुळगुळीत फ्लेक्सवर बसत नाही. हे गावातल्या कोणत्याही पोराने सांगितले असते, पण आम्ही विचारले नाही.

शनिवारी मीही शाळेत होतो. भाऊ नऊ वाजता आले. पांढरा शर्ट, गॉगल खिशाला. मुख्याध्यापकांनी दारातच किल्ली त्यांच्या हातात दिली, कारण नंतर द्यायची राहून जाईल अशी त्यांना धास्ती होती. भाऊंनी ती शर्टाच्या खिशात टाकली. मग मुख्याध्यापकांनी मोबाइल वर केला. भाऊ भिंतीशी उभे राहिले, हात जोडले, आणि त्यांचे पोट दिसेनासे झाले. फोटो काही निघेना. मुख्याध्यापक कधी जवळ जात, कधी मागे येत, उजेड नीट नाही म्हणत. भाऊ उभेच होते.

मॅडमनी तास सुरू केला. पहिले पान बेडकाचे. आत, बाहेर. तेवीस गळे हलले. मग त्या मुलीने पान उलटले आणि डावीकडे वर्तमानपत्र आले. 

"भाऊ कुठी गेले?" मागून कोणीतरी विचारले.

"पेपरखाली हायत," दुसरा म्हणाला.

मॅडमनी मांजराबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा वर लागला होता. बोलता बोलता वर्तमानपत्राचा खालचा कोपरा सुटला. आधी अकरा शुभेच्छुक दिसले, मग बूट दिसले. मग कागद मधोमध दुमडला, थोडा थांबला, आणि पाणीटंचाई आढावा बैठकीच्या बातमीसकट जमिनीवर आला. डाव्या पानावर भाऊ हात जोडून उभे होते. भिंतीशीही भाऊ हात जोडून उभे होते. वर्गाने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले.

मुख्याध्यापकांनी मोबाइल खाली केला. मॅडमचा एक हात पानावर होता, तो तसाच राहिला. भाऊ फ्लेक्सकडे बघत होते. रागावले आहेत की नाही हे कळत नव्हते, कारण त्यांचा चेहरा फोटोसाठी लावलेला होता आणि तो उतरवायला कोणी सांगितले नव्हते.

ती मुलगी पुस्तक सोडून त्यांच्यासमोर गेली. मान वर करून म्हणाली, "भाऊ, आता सोडा ना."

"काय सोडू?"

"श्वास. दिवाळीपासून धरून राह्यले तुमी. आमी दर शनवारी पाह्यतो."

 गिरणीचा आवाज मागच्या खोलीत येत नाही असे मॅडम म्हणत, ते त्या वेळी पटले. भाऊंनी आधी मुलीकडे पाहिले, मग स्वतःच्या शर्टाकडे. नंतर तोंडाने लांब आवाज करत त्यांनी तो सोडला. पोट पुढे आले आणि आपल्या जागी बसले. चौथी गुंडी ताणली गेली, पण टिकली. वर्गाने सवयीप्रमाणे एका सुरात हां म्हटले.

"मंग आता?" भाऊंनी विचारले. प्रश्न मॅडमना नव्हता, त्या मुलीला होता.

तिने आठवे पान काढले. आठव्या पानावर पाण्यातली नाव होती. या पानाला मुले पाठीवर झोपत, पोटावर कागदाची नाव ठेवत आणि ती वर-खाली होताना बघत. मॅडम म्हणाल्या की भाऊंना कशाला, कपडे खराब होतील. भाऊ तोवर गुडघ्यावर आले होते. सतरंजीवर आडवे झाले. पाय भिंतीला लागले, म्हणून मुलांनी त्यांना थोडे फिरवून घेतले. कोणीतरी नाव आणून ठेवली.

मुलांच्या पोटांवर नाव जेमतेम हलते. पोटे लहान, नावही लहान. भाऊंच्या पोटावर ती उचलली गेली, वर थांबली, आणि सावकाश खाली आली. मुलांनी असे काही आधी पाहिलेले नव्हते. आपापल्या नावा टाकून तेवीसच्या तेवीस भोवती गोळा झाली. एकाने हे धरण असल्याचे म्हटले. मॅडमनी हलक्या आवाजात मजकूर वाचला. पाणी आत येते. नाव वर जाते. पाणी बाहेर जाते. नाव खाली येते. नावेला काही करायचे नाही.

तिसऱ्या वाचनाला भाऊ घोरू लागले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. ते म्हणाले, बघू.

सव्वादहाला ट्रॉली आली. ट्रॅक्टरवाला चपला काढून दारात उभा राहिला आणि त्याला सतरंजीवर भाऊ दिसले. भोवती मुले बसलेली, पोटावर नाव. त्याने कपाळाला हात लावला आणि हळूच विचारले, बरे आहेत ना. तेवीस बोटे तेवीस ओठांवर गेली.

"पान आठ चालू हाये," मुलगी कुजबुजली.

"कवा संपते?"

"थे भाऊच्या हातात हाये."

किल्ली भाऊंच्या खिशात होती आणि खिशावर भाऊंचा हात होता. खोली तशी उघडीच होती, पण तिच्या मधोमध सोसायटीचे अध्यक्ष झोपलेले होते आणि त्यांच्यावरून पोती नेणे कोणाला प्रशस्त वाटेना. ट्रॅक्टरवाल्याला बाराच्या आत दुसरीकडे कापूस भरायला जायचे होते. त्याने मुख्याध्यापकांना विचारले. त्यांचे उत्तर वर आलेच आहे. मग त्याने आपल्या हमालांना विचारले. हमालांनी सांगितले की शाळेपासून तीस पावलांवर भाऊंचे घर आहे, घराला पक्की ओसरी आहे, आणि मालक झोपलेला असताना मालकाच्याच घरी माल टाकला तर बोलणी बसत नाहीत. ट्रॉली तिकडे वळली.

अकराला शाळा सुटली. मुले गेली नाहीत. मॅडमनीही पाठवली नाहीत. आपण उठलो आणि नाव पडली तर, अशी भीती सगळ्यांना वाटत होती. शेवटी नाव स्वतःच कलंडली आणि बगलेत शिरली, तेव्हा भाऊ जागे झाले. थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग उठून बसले आणि दारातल्या ट्रॅक्टरवाल्याला, जो रिकामी ट्रॉली घेऊन सांगायला आला होता, त्याला विचारले, "पोते उतरले?"

"उतरले, भाऊ."

"कोणत्या खोलीत?"

"तुमच्या ओसरीत. पार दारालोक रचले."

"अन् मी घरात कसा जाऊ?"

"मांगच्या दारानं. वहिनीनं सांगतलं, सवय करून घ्या म्हणा."

मॅडम पुस्तकाजवळ उभ्या होत्या. पोती पुन्हा उचलून आणायला माणसे लागणार होती, आणि भाऊंनी एक शब्द टाकला असता तर ती पाच मिनिटांत जमली असती, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते.  भाऊंनी मॅडमना विचारले, किती वेळ झोपलो. मॅडमनी घड्याळ पाहून सव्वा तास सांगितले.  मग भाऊंनी ट्रॅक्टरवाल्याला विचारले की ओसरीत बसायला जागा उरली का.

"कोंबडीले बी नाही."

भाऊंच्या ओसरीत सकाळी सहापासून माणसे येऊन बसत. कोणाला दाखला हवा असे, कोणाला सही, कोणाची रोहित्राची तक्रार, कोणाचे नुसतेच बसणे. चहा होई, पुन्हा होई. हे सगळ्या गावाला माहीत होते. भाऊंनी हिशेब केला असावा. गालावर उमटलेल्या सतरंजीच्या पट्ट्या त्यांनी हाताने चोळल्या.

"राहू द्या तिथीच," ते म्हणाले. "वापस कोण उचलते."

उठताना त्यांनी खिशातली किल्ली काढून मॅडमपुढे धरली. मॅडमना ती लगेच घेता आली नाही. मग घेतली. भाऊ पुस्तकाजवळ गेले, पाने चाळली, जिथे जिथे वर्तमानपत्र अजून अडकून होते तिथले ओढून काढले आणि घडी करून माझ्या हातात दिले. बेडकाबद्दल, फ्लेक्सबद्दल एक अक्षर काढले नाही. शेवटच्या पानाशी थांबून त्या मुलीला विचारले की बाराही पानांवर ते असेच उभे आहेत का. ती हाव म्हणाली. भाऊंनी मान हलवली आणि मागच्या गल्लीने घराकडे गेले, कारण पुढून आता रस्ता नव्हता.

मॅडम सकाळपासून उभ्या होत्या. भाऊ दिसेनासे झाल्यावर त्या भिंतीला टेकून खाली सतरंजीवर बसल्या. किल्ली मुठीत होती, मूठ मांडीवर होती. मुलांनी विचारले की आता डोळे मिटायचे का. मॅडम म्हणाल्या, तुम्ही नका मिटू, आज मी मिटते. आणि मिटले.

तेवीस मुले त्यांच्याभोवती येऊन बसली आणि बघू लागली. बराच वेळ कोणाला काही दिसेना. मग ती मुलगी पुढे वाकली, मॅडमच्या गळ्याशी, खांद्याशी, साडीच्या पदराशी नीट पाहिले, आणि मागे वळून वर्गाला कळवले.

"चालू हाये," ती म्हणाली. "आरामात चालू हाये."